पान एक्केचाळीसवरचा उंदीरमामा

आमच्या रस्त्यावर खड्डे पडत नाहीत, ते पाडले जातात, आणि पाडणारा सरकारी पगारावर आहे, ही बातमी मी पहिल्यांदा ऐकली ती सलूनच्या खुर्चीत, गळ्याशी वस्तरा टेकलेला असताना. अशा वेळी माणूस मान हलवून काही नाकारत नाही.

"डोळ्यांनी बघितलंय," सलूनवाला माझ्या कानाशी कुजबुजला. दुकानात आम्ही दोघंच होतो, पण कुजबुजल्याशिवाय त्याला बातमी सांगितल्यासारखं वाटतच नाही. "उंदीरमामा. सकाळी सायकल काढतो, कुदळ घेतो आणि चांगला रस्ता खणतो. चांगला! खड्ड्याशेजारचा! पंक्चरवाल्याशी भागी आहे त्याची."

"पंक्चरवाल्याशी?"

"मग? टायर कुणाचे फुटतात? आपले. पंक्चर काढायला जातो कुणाकडे? त्याच्याकडे. आणि खड्डेच संपले तर उंदीरमामाला सरकार पोसेल कशाला? सगळं कसं एकात एक बसतंय बघा."

बसतच होतं. खरी गोष्ट इतकी नीट कधी बसत नाही. दुपारपर्यंत ती बातमी डेअरी, शाळेचं फाटक आणि दवाखान्याची रांग अशी फिरून पुन्हा माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात उंदीरमामाच्या चुलतभावाचा टायरचा कारखानाही निघाला होता. उंदीरमामाला चुलतभाऊ नाही.

आता हा उंदीरमामा कोण, ते सांगतो. रस्ते खात्यातला साधा रस्ता कामगार. त्याच्याकडे अकरा किलोमीटरचा रस्ता होता, आमच्या गावापासून पलीकडच्या वस्तीपर्यंत. नाव ठेवलं शाळेतल्या पोरांनी. दिवसभर खाली मान घालून काहीतरी कुरतडत असतो, म्हणून. तो कामाला लागला तेव्हा टोळीत अकरा माणसं होती, किलोमीटरला एक. मग एकेक जण निवृत्त झाला आणि त्यांच्या जागा भरायचं राहून गेलं. शेवटी मामा उरला. कागदावर मात्र ती अजून टोळीच होती. महिन्याच्या अहवालात "टोळीने काम समाधानकारक केले" असं येई, आणि टोळी सायकलवरून एकटी घरी येई.

त्या सायकलवरचं सामान मी कितीदा बघितलंय. मागे कुदळ आणि पहार बांधलेली, हँडलला घमेलं, आणि पुढच्या पिशवीत एक सुतळीचं बंडल आणि चार लोखंडी खुंट्या. सुतळी आणि खुंट्या कशाला, हे गावात कुणी विचारलं नाही. आम्ही सगळे हुशार लोक. आम्हाला विचारावं लागत नाही.

बायको जाऊन बारा वर्षं झालेली, त्यामुळे दुपारचं जेवण मोठ्या बहिणीकडे. ही आक्का राहायची त्याच रस्त्यावर, सातव्या किलोमीटरच्या दगडाला लागून. जीभ अशी, की तिच्या अंगणात कावळासुद्धा विचार करून बसे. मामा बरोबर साडेबाराला सायकल लावी आणि आक्का बरोबर साडेबाराला सुरू होई.

"आलास? हात धू. कोपरापर्यंत धू. त्या रस्त्याला अंघोळ घालतोस तशी स्वतःला घाल कधीतरी."

"आक्का, घाई आहे. पाचव्या किलोमीटरला कडा सुटलीय."

"सुटू दे. तुझं जेवण सुटलं तर मी काय दगडाला वाढू?"

बारा वर्षं हेच चाललेलं. तिला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, त्यालाही तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि दोघांच्या मधे होता तो फक्त रस्ता. तो मामाने स्वतःच्या हाताने चालता ठेवला होता.

अशात महामार्ग आला. म्हणजे आधी त्याच्या गाड्या आल्या. तीन पांढऱ्या, काचा काळ्या. दोन राज्यांना जोडणारा, सहा पदरी, पापणी लवायच्या आत इकडून तिकडे नेणारा महामार्ग आखायला राजधानीतून सल्लागार कंपनी आली होती. तिचे प्रमुख म्हणजे सल्लागारसाहेब. वय पंचेचाळीस, बूट इतके स्वच्छ की हा माणूस रस्त्यांचा जाणकार आहे यावर माझा विश्वास बसेना. त्यांनी बाजारपेठेतला एक हॉल भाड्याने घेतला, भिंतभर नकाशा लावला आणि त्यावर पिवळ्या मार्करने एक जाड रेघ ओढली. आमची घरं, शेतं, ओढा, शाळा, सगळं त्या रेघेखाली गेलं. आमचा रस्ता नकाशात केसाएवढा होता. साहेबांनी आधी तो झटकायला बोट फिरवलं. त्यांना वाटलं, खरंच केस आहे. हे मला हॉल झाडणाऱ्या बाईने सांगितलं आणि ती खोटं बोलत नाही, फक्त थोडं वाढवते.

तर तो महामार्ग आमचा रस्ता सातव्या किलोमीटरच्या अलीकडेच कापणार होता. कापला की दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर तिथे जोड द्यायचा, म्हणजे आमच्या रस्त्यावरून महामार्गावर चढता-उतरता येईल आणि खालून आरपार जाता येईल. नाहीतर मातीचा वीस फूट उंच भराव टाकून रस्ता तिथेच संपवायचा. मग मामाला आक्काच्या दारात जायला तेवीस किलोमीटरचा वळसा. सायकलवर. जेवायला.

जोड दोन ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी मिळणार होता, इथे किंवा बारा किलोमीटर पुढे, जिथे एका मंत्र्याच्या जावयाने पेट्रोल पंपासाठी जागा आधीच घेऊन ठेवली होती. पण ते असो, निर्णय शास्त्रीय पद्धतीनेच होणार होता. साहेब तसं स्वतः म्हणाले, चार वेळा. ज्या रस्त्याची अवस्था चांगली, त्याला जोड. रस्त्याची पाहणी मंगळवारी.

हे कळलं त्या दिवशीच मामा रस्ते खात्याच्या कचेरीत गेला. तिथे आमचे उपअभियंता बसतात. त्यांना सगळे रावसाहेब म्हणतात, कारण दुसरं काही म्हटलं तर ते वर बघत नाहीत.

"रावसाहेब, माल पाहिजे. खडी, डांबर. बेचाळीस खड्डे आहेत. माल आला की लगेच भरून देतो."

"एकटा?"

"टोळी आहे ना," मामा म्हणाला. अख्ख्या आयुष्यात त्याने मारलेला हा एकच टोमणा, आणि तोही रावसाहेबांच्या डोक्यावरून गेला.

"बरं. मंगळवारी सकाळी सातला ट्रक येईल. पाहणी अकराला आहे. तोपर्यंत तुम्ही खड्डे तयार ठेवा."

हे "तयार ठेवा" लक्षात ठेवा. तयार ठेवणं म्हणजे काय, हे रावसाहेबांना पुस्तकातून माहीत होतं आणि मामाला हातातून. दोघांचं एकमत झालं होतं, हेही लक्षात ठेवा.

मामा पाच दिवस राबला. सलूनवाल्याने त्याला बघितलं ते याच दिवसांत. खोटं नाही, मीही बघितलं. खड्डा असायचा ताटाएवढा, मामा गुडघे टेकून बसायचा, खुंट्या ठोकायचा, सुतळी ताणायचा, आणि मग कुदळ घेऊन खड्ड्याच्या भोवतालचा धडधाकट रस्ता फोडायचा. ताटाचा पाट व्हायचा. मोटारसायकलवाले शिव्या घालत जात. "मामा, पंक्चरवाला किती देतो हो?" असं एकाने ओरडून विचारलं, तर मामाने त्याला हात केला. त्याला वाटलं, तब्येत विचारतोय.

मंगळवारी सात वाजले. ट्रक आला. पण आमच्या रस्त्याला वळला नाही, सरळ विश्रामगृहाकडे गेला. कारण आदल्या दिवशी सल्लागारसाहेबांची गाडी विश्रामगृहाच्या फाटकाशी जरा हिसकली होती आणि साहेबांच्या पँटवर चहा सांडला होता. रावसाहेब ते बघत होते. रस्त्यांच्या प्रश्नावर खात्याने इतक्या तातडीने कधी पाऊल उचललेलं नव्हतं. फाटकापासून पोर्चपर्यंत ऐंशी मीटर, दोन थर, वर रोलर. ट्रक तिथेच रिकामा झाला.

इकडे मामा पहिल्या खड्ड्याशी घमेलं मांडून उभा. आठ वाजले, नऊ वाजले. दहाला तो, नुसतं उभं राहू नये म्हणून, सायकलने शेवटच्या खड्ड्याशी गेला आणि तिथली एक कडा नीट करू लागला. आणि अकराला, मिनिटाचाही उशीर न करता, पांढरी गाडी आली. बेचाळीस खड्ड्यांतून आली. आत बसलेल्यांचा जीव किती हलला असेल, त्याची कल्पना करून मला आजही बरं वाटतं.

काच खाली झाली.

"काय करताय?"

"खणतोय, साहेब."

"रस्ता खणताय?"

"हो. माल यायचाय ना."

"कसला माल?"

"तो... येतोच आहे," मामा म्हणाला आणि गावाच्या दिशेला बघू लागला. साहेबांनीही त्या दिशेला बघितलं. तिकडे एक कुत्रं होतं.

त्यांनी फोटो काढला. मामाने टोपी सरळ केली, कुदळ छातीशी उभी धरली आणि ताठ उभा राहिला. सरकारी माणूस पहिल्यांदाच त्याचा फोटो काढत होता. संध्याकाळी आक्काला त्याने हे कौतुकाने सांगितलं. आक्काने विचारलं, "माल आला?" तो म्हणाला, "येईल." आक्का म्हणाली, "मग फोटो कशाचा काढला रे, बावळटा?"

महिन्याभराने अहवाल आला. तीनशे पानं, गुळगुळीत कागद, वजन चार किलो. त्याच्या पान एक्केचाळीसवर रंगीत फोटो होता, टोपी, कुदळ, ताठ मान, आणि खाली ओळ: "स्थानिक इसम रस्त्याची हानी करताना." गावात त्या पानाच्या झेरॉक्स निघाल्या. सलूनवाल्याने एक आरशाच्या कडेला लावली. आता अफवेला सरकारी शिक्का मिळाला होता, आणि ज्यांनी ती पसरवली होती त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं, जणू रस्ता त्यांनीच बांधलाय.

मग जनसुनावणी. म्हणजे निर्णय झाल्यावर जनतेला बोलू देण्याची जी पद्धत आहे, ती. हॉल भरला. पुढे टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधे सल्लागारसाहेब, डाव्या हाताला रावसाहेब. आक्काने मामाला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता आणि वाटेत बजावलं होतं, "सगळं नीट सांग. पहिल्यापासून. माल कुठे गेला तेही सांग."

"कुठे गेला ते मला काय माहीत, आक्का?"

"अख्ख्या गावाला माहीत आहे. विश्रामगृहाच्या दारात जाऊन बघ, आरसा केलाय आरसा."

मामा उभा राहिला. साहेबांनी पडद्यावर पान एक्केचाळीस लावलं. हॉलमध्ये आधीच खसखस पिकली.

"हे तुम्हीच ना?"

"हो, मीच."

"तुम्ही रस्ता खणत होतात?"

"हो साहेब, खणत होतो. त्याचं असं आहे, खड्डा भरायचा म्हणजे आधी..."

"खणत होतात की नाही, एवढंच सांगा."

"होतो. पण..."

"नोंद घ्या," साहेब लेखनिकाला म्हणाले. "कबूल."

आणि हॉल हसला. नुसता हसला नाही, फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "पंक्चरवाल्यालाही बोलवा!" पंक्चरवाला तिथेच होता, तो सगळ्यांत मोठ्याने हसला, म्हणजे संशय फिटेल. माझ्या शेजारी डेअरीवाला बाकावर हात आपटत होता. जोड मिळाला असता तर याचंच दूध दीड तास आधी शहरात पोचणार होतं. हसणाऱ्या प्रत्येकाचं काही ना काही त्या जोडावर अवलंबून होतं, आणि एकेक जण आपल्याच हाताने ते बुडवत होता, खिदळत.

मामाने रावसाहेबांकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं: "मीच तयार ठेवायला सांगितलं होतं." पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता, माल कुठे गेला? आणि त्याचं उत्तर पोर्चपर्यंत पसरलेलं होतं. रावसाहेब पाण्याच्या बाटलीवरची माहिती वाचत होते. इतकं एकाग्र वाचन त्यांनी परीक्षेच्या वेळीही केलं नसेल.

"अहो रावसाहेब!" बायकांच्या बाजूने आक्का कडाडली. "बाटलीत काय बघताय? तोंड वर करा! सांगा त्यांना!"

"मावशी, खाली बसा," लेखनिक म्हणाला.

"मी तुझी मावशी असते तर तू इतका लबाड निपजला नसतास!"

तिला दोन बायकांनी धरून बसवलं. मामा बसला तो उभा असल्यासारखाच ताठ. दाराशी गेल्यावर मला म्हणाला, "नीट सांगता आलं नाही हो." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "होतं असं." मीही थोडा हसलो होतो. बाकीच्यांना नावं ठेवतोय तर तेही सांगून टाकतो.

जोड गेला बारा किलोमीटर पुढे, पेट्रोल पंपाला अगदी चिकटून. शास्त्राचा असा चमत्कार क्वचितच बघायला मिळतो. आमच्या रस्त्यावर भराव पडायला लागला. मामा रोज जाऊन बघे. तीन फूट, पाच फूट, नऊ फूट. रोज जरा जास्त चढून, सायकल खांद्यावर घेऊन तो आक्काकडे पोचे आणि ताट वाढलेलं असे, गार.

तिथे देखरेखीला एक इंजिनिअरबाई होत्या. हेल्मेट, धुळीने भरलेले बूट. मला लगेच बऱ्या वाटल्या. एके दिवशी मामा त्यांच्याकडे गेला.

"बाई, ती भरावाखालून पाणी जायची मोरी तुम्ही चुकीच्या जागी घालताय."

"नकाशात तिथेच आहे, काका."

"नकाशात असेल. पाणी नकाशा वाचत नाही. ते या गटाराने येतं, माझ्या रस्त्याच्या कडेने. पंचवीस वर्षं मी साफ करतोय. तिथे मोरी घातलीत तर इकडे तळं होईल आणि तुमचा भराव बसेल खाली."

बाईंनी हसण्याऐवजी मोजणीची दुर्बीण लावली. दोन तास मोजलं. मग राजधानीला फोन केला, तिथून ओरडा खाल्ला, आणि तरी मोरी चाळीस मीटर सरकवली. आली ती बरोबर आमच्या जुन्या रस्त्याच्या रेघेत. सिमेंटची चौकट, सहा फूट रुंद, पाच फूट उंच.

"उंची वाढवता येणार नाही, काका," बाई म्हणाल्या. "मोरी म्हणून मंजूर आहे. माणसांसाठी नाही."

"चालेल," मामा म्हणाला. त्याची उंची साडेपाच फूट.

आज वरून गाड्या सुसाट जातात आणि खालून साडेबाराला उंदीरमामा सायकल हातात धरून, कमरेत वाकून, मोरीतून पलीकडे जातो. पावसाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. आक्काने पहिल्या दिवशी त्याला तसा बाहेर येताना बघितलं आणि म्हणाली, "सरकारने शेवटी तुला वाकवलंच." मग तांब्या पुढे करत, "हात धू. कोपरापर्यंत धू."

महामार्गाला दुसऱ्याच पावसाळ्यात खड्डे पडले. सल्लागार कंपनीने ते भरायला मशीन पाठवलं. मशीन वरूनच माल ओततं, दाबतं आणि पुढे जातं, खड्ड्याला बोटही न लावता. माल पंधरा दिवसांत सुटतो आणि ट्रकच्या चाकाखालून उडून भरावावरून खाली येतो. मामा ती खडी गोळा करतो आणि आपल्या खड्ड्यांना वापरतो. बेचाळीसपैकी एकोणतीस झालेत.

राहता राहिला तो अहवाल. आमच्या ग्रामकचेरीत त्याचा उपयोग खिडकी उघडी ठेवायला होतो. वारा नव्हता तेव्हा मी तो मागून घेतला आणि सगळा वाचला. गावात तो वाचणारा मी पहिला, आणि लिहिणाऱ्यांनीही वाचला नसावा, कारण पान एक्केचाळीसनंतर पान दोनशे बारा येतं. तिथे "देखभालीची योग्य पद्धत" म्हणून एक आकृती आहे: खड्डा, चार खुंट्या, ताणलेली दोरी, आणि कुदळ घेतलेला माणूस. त्याच्या डोक्यावर टोपी नाही, एवढाच फरक.

उंदीरमामा रस्ता खणत होता, हे खरं आहे. खड्डा भरण्याआधी त्याच्या कडा चांगल्या रस्त्यापर्यंत चौकोनी आणि उभ्या कापाव्या लागतात, नाहीतर भरलेला माल टिकत नाही. त्याने बेचाळीस खड्डे कापून तयार ठेवले होते. माल आला नाही.